मुसांग किंग पहिल्यांदा खाणार असाल तर: निवडण्यापासून आठळ्यांपर्यंत सगळं सविस्तर

जून ते ऑगस्टमध्ये ज्यांचं सिंगापूर किंवा मलेशियाचं तिकीट असतं ते नातेवाईक, मैत्रिणी, मैत्रिणींच्या मैत्रिणी सगळ्यांचा मला एकच प्रश्न येतो, ड्युरियन, म्हणजे इकडचं ते काटेरी, उग्र वासाचं फळ, खायचंच असेल तर कुठलं खाऊ आणि कसं ओळखू. दरवेळी मी पाच-सहा व्हॉइस नोट पाठवते आणि तरी काहीतरी राहूनच जातं, म्हणून यावेळी नीट लिहून काढतेय. सिंगापूरला माझे अकरा सीझन झालेत, त्यातले पहिले दोन मी नाक दाबून घालवले आणि तिसऱ्या वर्षी ऑफिसमधल्या एका मलेशियन काकूंनी समोर बसवून खायला शिकवलं. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांचं आणि उरलेलं दर सीझनला शिकत गेले ते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. मुसांग किंग ही ड्युरियनची एक जात, पण ती म्हणजे "सगळ्यात गोड ड्युरियन" नाही. गोड हवं असेल तर त्याच्या अर्ध्या किमतीत मिळतं. मुसांग किंगची खरी मजा गोडाच्या मागून येणाऱ्या कडवटपणात आहे, आणि तो कडवटपणा फळ ताजं असेल तरच लागतो. झाडावरून पडून तीन दिवस झालेल्या मुसांग किंगपेक्षा आज पहाटे पडलेलं डी२४ नावाच्या साध्या जातीचं फळ कधीही घ्या, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन.

नावाचं थोडं सांगते, कारण स्टॉलवर तीन-चार नावं ऐकू येतील आणि गोंधळ होईल. मलेशियाच्या कृषी खात्याकडे ड्युरियनच्या जातींची नंबरवार नोंद असते, त्यात ही जात १९९३ साली डी१९७ म्हणून नोंदली गेली. मलय भाषेत तिचं जुनं नाव राजा कुन्यित, कुन्यित म्हणजे हळद, म्हणजे हळदीचा राजा, आणि गर बघितलात की हे नाव का पडलं ते कुणी सांगायची गरज राहत नाही, अगदी ओल्या हळदीच्या कांड्यासारखा पिवळाजर्द असतो. मुसांग म्हणजे उदमांजर, आणि केलांतान राज्यात गुआ मुसांग नावाचं गावच आहे. चिनी विक्रेते माओ शान वांग म्हणतात आणि पाटीवर नुसतं एमएसडब्ल्यू लिहितात. सगळं एकच.

अजून एक, आपल्याकडे सगळे याला "फणसाचा भाऊ" म्हणतात. दिसायला काटेरी, आत गरे, म्हणून तसं वाटतं, पण नात्याने बघितलं तर ड्युरियन भेंडी, कापूस, जास्वंद यांच्या कुळातला आहे आणि फणस वडा-पिंपळाच्या. त्यामुळे "मला फणस आवडतो म्हणजे हेही आवडेल" हा हिशोब धरू नका, आणि फणस आवडत नाही म्हणून हे सोडूही नका.

आता वासाबद्दल. वास गंधकाच्या संयुगांचा असतो, कांदा, लसूण, हिंग यांच्या वासामागेही गंधकच आहे. २०१७ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी ड्युरियनचा पूर्ण जिनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, उलगडला तेव्हा त्यांनी निवडलेली जात मुसांग किंगच होती, आणि त्यात असं दिसलं की गंधकाचा वास तयार करणाऱ्या एका जीनच्या ड्युरियनमध्ये जास्तीच्या कॉप्या आहेत आणि फळ पिकताना गरात त्या जोरात कामाला लागतात. म्हणजे वास हे फळ खराब झाल्याचं लक्षण नाही, पिकल्याचं आहे. मला स्वतःला हिंगाच्या उदाहरणाने फार मदत झाली. डबी उघडून नाक घातलं तर हिंग कुणाला सहन होतो, पण तुपाच्या फोडणीत पडला की त्याच वासाने भूक लागते. इथे गोड, घट्ट, तुपकट गर हा तूपाच्या जागी आहे. लांबून वास घेत उभं राहिलात तर फक्त हिंग मिळेल, तोंडात घातलं की फोडणी होते.

कधी आणि कुठे जायचं

मुख्य सीझन साधारण जून ते ऑगस्ट, मलेशियाच्या पेनांग बेटाकडे थोडा आधी मेच्या शेवटी सुरू होतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या आसपास एक छोटा सीझन असतो. मुसांग किंगसाठी पहांग राज्यातला राउब हा भाग सगळ्यात नावाजलेला, डोंगरउताराची जमीन आणि जुनी झाडं. सिंगापूरमध्ये ड्युरियनची शेती नाही, जवळपास सगळा माल मलेशियातून ट्रकने येतो.

हे समजून घ्या कारण वेळ त्यावर ठरते. मलेशियात फळ झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडू देतात, जास्त करून रात्री पडतात, खाली जाळी बांधलेली असते आणि पहाटे गोळा करतात. थायलंडच्या मोनथोंग जातीचं फळ मात्र तयार झालं की झाडावरूनच कापतात आणि नंतर पिकवतात, म्हणून ते लांबचा प्रवास झेपवतं, सौम्य लागतं आणि जगभरच्या सुपरमार्केटमध्ये तेच दिसतं. कुणी अमेरिकेत किंवा दुबईत ड्युरियन खाऊन "काही खास नाही" म्हणालं असेल तर बहुतेक ते मोनथोंग होतं. पडलेलं फळ मात्र त्या क्षणापासून बिघडायला लागतं, एक दिवस उत्तम, दुसरा दिवस ठीक, त्यानंतर वास वाढत जातो आणि चव उतरत जाते. म्हणून सिंगापूरला दुपारी बारा वाजता जाऊ नका, त्या वेळी बऱ्याच ठिकाणी कालचा माल असतो. संध्याकाळी जा, आणि सरळ विचारा की आजची गाडी आली का. गेलांग भागात स्टॉलची रांगच आहे, क्वालालंपूरच्या बाजूला पेतालिंग जायाचा एसएस२ भाग प्रसिद्ध आहे, पेनांगला गेलात तर बालिक पुलाऊच्या बागांमध्ये जाऊन झाडाखालीच बसून खा, याच्यासारखं सुख नाही.

आणि हो, आदल्या दोन-तीन दिवसांत बागेकडे खूप पाऊस झाला असेल तर गर पाणचट येतो. आपल्याकडे पाऊस लागलेल्या आंब्याचं होतं तसंच. विक्रेता चांगला असेल तर तो स्वतः सांगतो की आज माल ओला आहे, अशा माणसाला धरून ठेवा, पुढच्या वेळी त्याच्याकडेच जा.

फळ ओळखणं

इथे घाई करू नका, कारण फसवणूक होते ती इथेच. तिसऱ्या-चौथ्या सीझनला मी एका स्टॉलवर मुसांग किंग म्हणून चांगले पैसे मोजून बंद डबा घरी आणला, गर फिकट, बिया जाड, चवीला नुसती साखर. ते दुसरंच काहीतरी होतं हे आज कळतं, तेव्हा कळलं नाही आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की मुसांग किंगमध्ये काही दम नाही. म्हणून नियम एक: पहिली काही वर्षं तरी अख्खं फळ समोर निवडून समोरच फोडून घ्यायचं.

फळ उलटं करून तळ बघा. मुसांग किंगच्या तळाशी पाच रेघांचा तपकिरी स्टार स्पष्ट दिसतो, त्या रेघांवर काटे दबलेले असतात. मग देठाकडे बघा, देठाभोवती काटे नसलेली थोडी मोकळी जागा असते. काटे बुडाशी रुंद, पिरॅमिडसारखे, आणि एकमेकांपासून जरा सुटे. साल हिरवट ते हिरवट-तपकिरी. फार मोठं धूड नसतं, दीड ते अडीच किलोच्या आसपास. स्टार थोडाफार दुसऱ्या जातींनाही असतो, म्हणून एकाच खुणेवर जाऊ नका, तिन्ही जुळल्या पाहिजेत, आणि शेवटची खात्री गराचा रंग आणि बी बघूनच. गर हळदीसारखा, बी छोटी आणि चपटी, सुकल्यासारखी. बी चपटी म्हणजे गर जास्त, किंमत जास्त असण्याचं ते एक कारण आहेच.

शेजारीच ब्लॅक थॉर्न ठेवलेलं दिसेल, डी२००, तेही तितकंच किंवा त्याहून महाग. पेनांगकडचं. तळाला मधोमध एक छोटं काळं टोक असतं, गर केशरी-लालसर, कडवटपणा कमी आणि थोडी वाईनसारखी झाक. डी२४ चा गर फिकट पिवळा असतो. रेड प्रॉन म्हणजे डी१७५ नारिंगी-गुलाबी आणि गोड.

जात जुळली की ताजेपणा. देठ बघा, तुटलेली बाजू ओलसर आणि हिरवी असेल तर आजचं, सुकून काळपट आकसलेली असेल तर सोडा. देठच छाटून टाकलेला असेल तरी सोडा. दोन शेजारचे काटे चिमटीत धरून एकमेकांकडे दाबा, जरासे वाकले तर पिकलंय, दगडासारखे असतील तर कच्चं. कानाजवळ धरून हलकेच हलवा, आत काहीतरी मऊसर आपटल्यासारखं वाटलं पाहिजे, गर सुटायला लागल्याची ती खूण. आवाजच नाही म्हणजे कच्चं किंवा अगदी ओलं. तळाच्या रेघांजवळ नाक नेऊन वास घ्या, तो गोड आणि दाट हवा, दारूसारखा आंबूस आला तर फळ पुढे गेलंय. साल फाटलेली नको आणि छोटी गोल भोकं नकोत, त्यात अळी असते.

आता विक्रेत्याशी बोलणं. तो विचारेल, कडू की गोड? मलयमध्ये पाहित म्हणजे कडू, मानिस म्हणजे गोड. पहिल्यांदा खाणारे सगळे घाबरून मानिस म्हणतात. तुम्ही "कडू-गोड" मागा. विक्रेत्यांचं आणि बागवाल्यांचं म्हणणं असं की जुन्या झाडाचं फळ जास्त कडवट आणि दाट येतं, कोवळ्या झाडाचं पाणचट गोड, त्यामुळे "जुन्या झाडाचं आहे का" असं विचारलंत तर समोरचा तुम्हाला जरा गंभीरपणे घेतो. तो सालीला छोटा त्रिकोणी काप देऊन आतला गर दाखवेल, बोटाने हलकं दाबायला सांगेल. रबरासारखं लागलं तर नाही म्हणा, वरचा पापुद्रा किंचित सुरकुतून बोट आत गेलं तर घ्या. यात लाजायचं काही नाही, सगळे असंच घेतात.

भाव किलोवर असतो आणि वजन सालीसकट होतं, हे आधीच लक्षात ठेवा. सालीसकट वजनाच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश गर मिळतो. म्हणजे किलोला १८ सिंगापूर डॉलर भाव असेल आणि फळ १.८ किलोचं असेल तर ३२ डॉलरच्या वर गेले आणि हातात आला साधारण अर्धा किलो गर. भाव रोज बदलतो, सीझन भरात असताना निम्म्यावर येतो. वजनकाट्यावरचा आकडा फळ फोडण्याआधी स्वतः बघा आणि किलोचा भाव तोंडी पक्का करा. शक्य असेल तर तिथेच टेबलावर बसून खा, कारण बऱ्याच स्टॉलवर फोडल्यावर फळ खराब निघालं तर बदलून देतात, घरी नेल्यावर कोण देणार.

घरी फोडायचं असेल तर

जाड हातमोजे घाला किंवा टॉवेल दुमडून घ्या, काटे खरोखर रक्त काढतात. खाली पेपर पसरा, फळ देठाकडून खाली आणि स्टार वर असं ठेवा. स्टारच्या मधोमध जाड आखूड सुरीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर आत घाला आणि सुरी पिळा. कापायचं नाही, पिळायचं. त्या रेघा म्हणजे आतल्या कप्प्यांचे सांधे, तिथून साल स्वतः उकलते. फट पडली की दोन्ही हातांनी फाकवा, एक कप्पा उघडेल, मग उरलेले त्याच रेघांवरून. फणसासारखा चीक नसतो, तेल-बिल काही लावावं लागत नाही.

खायचं कसं

दोन-तीन जाती घेतल्या असतील तर क्रम महत्त्वाचा. आधी रेड प्रॉन किंवा दुसरं गोड काहीतरी, मग डी२४, शेवटी मुसांग किंग. उलटं केलंत तर मुसांग किंगनंतर बाकी सगळं पाण्यासारखं लागतं. चमचा नको. गरा बोटांनी उचला, कारण अर्धी मजा स्पर्शात आहे, वरून कोरडासा पापुद्रा आणि आत हात लावला की लोण्यासारखं खचतं.

पहिला घास छोटा घ्या आणि लगेच गिळू नका, जिभेने टाळूवर दाबा. आधी गोड येतं, पण आंब्यासारखं रसाळ गोड नाही, आटवलेल्या दुधाचं, बासुंदीच्या तळाशी जो दाट भाग राहतो त्याच्या जवळचं. स्पर्श म्हणाल तर चांगलं फेटलेलं श्रीखंड, तितकंच गुळगुळीत आणि जड, एक दोरा नाही, बरक्या फणसाचा बुळबुळीतपणाही नाही. मग गोड ओसरायला लागतं आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा चढतो, बिनसाखरेच्या कोकोसारखा, काही गऱ्यांत कडक कॉफीसारखा. त्याच्या मागे कुठेतरी तुपात परतलेल्या कांद्याची झाक. आणि गिळल्यावरही ते संपत नाही, मिनिटभर तोंडात बदलत राहतं. मला विचाराल तर या फळाचे पैसे या शेवटच्या मिनिटाचे आहेत. नुसतं गोड फळ गिळलं की संपतं.

एकाच फळातल्या दोन कप्प्यांची चवही वेगळी निघते, एक गोडसर आणि शेजारचा एकदम कडवट, तेव्हा पहिल्या गऱ्यावरून मत बनवू नका. किमान तीन गरे खा. पहिला गरा नाकाशी भांडण्यात जातो, दुसऱ्यात स्पर्श कळतो, तिसऱ्यात चव. आईला मी असंच तीन गरे खायला लावले होते, तिसऱ्यानंतर तिने चौथा स्वतःहून उचलला.

पण चौघांत एक फळ पुरे. १०० ग्रॅम गरात जवळपास १५० कॅलरी असतात, म्हणजे अर्धा किलो एकट्याने संपवलंत तर दोन जेवणं झाली. जेवणावर खाऊ नका, जेवणाऐवजी खा. डायबेटिस असेल तर एखाद्याच गऱ्यावर थांबा, किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम भरपूर असल्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि ड्युरियनबरोबर दारू अजिबात नको. ही नुसती म्हाताऱ्यांची समजूत नाही, २००९ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या प्रयोगात असं दिसलं की ड्युरियनचा अर्क दारू पचवताना लागणाऱ्या एका एन्झाइमचं काम बरंच अडवतो.

इथले लोक ड्युरियनला "हीटी" म्हणतात, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत उष्ण, आणि त्यावर उतारा म्हणून मँगोस्टीन नावाचं फळ किंवा शहाळं. ड्युरियन आणि मँगोस्टीनचा सीझनही एकत्रच येतो. मँगोस्टीनची आंबट-गोड पांढरी पाकळी त्या जड चवीनंतर तोंड स्वच्छ करते, एवढ्यासाठी तरी नक्की घ्या.

हाताचा वास घालवायला रिकाम्या सालीच्या खोलगट भागात पाणी ओतून त्याच पाण्याने हात चोळतात, माझ्या अनुभवात साबणापेक्षा हे बरं चालतं. त्यातच चिमूटभर मीठ घालून काही जण चूळ भरतात. ढेकर मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवण देतात, सकाळी महत्त्वाची मीटिंग असेल तर आदल्या रात्री खाऊ नका. आणि फळ घेऊन सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, चढू नका, बंदी आहे, हॉटेलांतही बहुतेक चालत नाही.

उरलं तर, आणि भारतात न्यायचं म्हटलं तर

फोडलेला गर दोन हवाबंद डब्यांत एकात एक ठेवा, नाहीतर फ्रीजमधलं लोणी, दूध, बर्फ सगळ्याला वास लागतो. फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापुढे सरळ फ्रीझर. फ्रीझरमधला गर बाहेर पूर्ण वितळू द्यायचा नाही, खालच्या कप्प्यात काही तास ठेवून अर्धवट घट्ट असतानाच कुल्फीसारखा खायचा. वास निम्मा होतो, कडवटपणाही थोडा दबतो, घाबरणाऱ्या पाहुण्यांना मी सुरुवात इथूनच करून देते. दुकानात मिळणारे फ्रोझन पॅकही वाईट नसतात.

भारतात ताजं नेता येत नाही, विमान कंपन्या वासामुळे घेत नाहीत आणि फळांसाठी क्वारंटाइनचे कागद लागतात ते वेगळंच. फ्रीझ-ड्राय तुकड्यांचं सीलबंद पाकीट न्या, चवीची कल्पना येते, स्पर्शाची येत नाही. भारतातच चाखायचं असेल तर निलगिरीच्या पायथ्याशी बर्लियार आणि कल्लारच्या बाजूला ड्युरियनची जुनी झाडं आहेत, पावसाळ्यात कुन्नूरला जाताना विचारून बघा. ते मुसांग किंग नाही, बियांपासून वाढलेलं ड्युरियन आहे, पण ओळख करून घ्यायला छान.

जाता जाता बियांचं. कोकणातला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, आठळ्यांचं काय करतात? उकडून खातात, अगदी आपल्यासारख्या, मीठ घालून वीसेक मिनिटं, मग सोलून. कच्च्या मात्र खायच्या नाहीत. चव फणसाच्या आठळीपेक्षा फिकी, थोडी चिकट. मुसांग किंगच्या बिया चपट्या असतात त्यामुळे हातात काही येत नाही. त्यासाठी कंपुंग ड्युरियन आणा, कंपुंग म्हणजे गाव, म्हणजे आपल्या भाषेत गावठी, स्वस्त असतं आणि बिया चांगल्या टपोऱ्या निघतात. त्याच गावठीचा उरलेला गर मीठ लावून आंबवतात, त्याला तेंपोयाक म्हणतात, आणि पहांगमध्ये त्यात नदीतला पातीन मासा शिजवतात. आंबट, तिखट, दाट रस्सा असतो. राउबकडे गेलात तर दुपारच्या जेवणाला तो मागवा आणि ड्युरियन संध्याकाळसाठी ठेवा.